परत फिरण्याचा खर्च तिकिटात धरा : धबधब्यांच्या ट्रिपा काढणाऱ्या मुंबईकर आयोजकांना खुलं पत्र

मुंबई, ठाणे, नवी मुंबईतून दर शनिवार-रविवारी बस भरून नदी-धबधब्यांवर माणसं नेणाऱ्या तमाम आयोजकांस,

स. न. वि. वि.

मे महिना अर्धा झाला की फोनवर तुमच्या जाहिराती यायला लागतात. देवकुंड, दर शनिवारी आणि रविवारी. पिकअप बोरिवली, अंधेरी, दादर, सायन, चेंबूर मैत्री पार्क, वाशी, कळंबोली. चहा, नाश्ता, जेवण, फर्स्ट एड, अनुभवी लीडर आणि शेवटी सर्टिफिकेट. (धबधबा पाहिल्याचं सर्टिफिकेट माणूस घरी नेऊन नेमकं कुठे लावतो, हे मला अजून उमगलेलं नाही.) किंमत हजाराच्या आगेमागे. आणि सगळ्यात खाली, भिंग घेऊन वाचावी अशी एक ओळ : ‘कोणत्याही कारणास्तव पैसे परत मिळणार नाहीत.’

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. कचरा, स्पीकर, बसमधली अंताक्षरी, रस्त्याच्या कडेला उभी केलेली वाहनं यांबद्दल बरंच लिहून झालंय आणि ते तुम्हाला पाठ आहे. त्या एका ओळीबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि पावसाळ्यात पाण्यापाशी जे घडतं त्याची सुरुवात बऱ्याचदा तिथे होते, असं माझं मत आहे.

मी मुलुंडचा. नोकरी सांभाळून सुट्टीला डोंगरात जाणारा. आमचा चार मित्रांचा गोतावळा आहे, त्यात पैशाचा व्यवहार फक्त गाडीखर्चाच्या वाटणीपुरता. तुमचा धंदा बंद पडावा असं मला मुळीच वाटत नाही. जिला घरचे एकटीला लोणावळ्यालासुद्धा सोडत नाहीत, अशी मुलगी ‘ग्रुपबरोबर चाललेय’ असं सांगून तुमच्या बसमध्ये बसते आणि देवकुंडच्या वाटेवरच्या पाटणूस गावच्या रानात दिवसभर मनसोक्त चालते, ही साधी गोष्ट नाही. मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा अशा चार नद्या शहराच्या पोटात होत्या. चौघींचे आपण नाले केले. त्यामुळे वाहत्या स्वच्छ पाण्यात पाय सोडून बसायचं म्हटलं की मुंबईकराला शंभर-सव्वाशे किलोमीटर जावं लागतं, आणि ज्याच्याकडे गाडी नाही, ओळखपाळख नाही, त्याला तुम्हीच तिथवर नेता. म्हणून तर हे पत्र पोलिसांना किंवा पालकमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

उदाहरणाला रायगडातली कुंडलिका नदी घेतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांचा पावसाळा तिच्यावर चालतो.

देवकुंड हा कुंडलिकेचा उगम मानतात. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरचं पाणी कडा उतरून त्या कुंडात पडतं, तिथून पाटणूस-भिऱ्याच्या बाजूने खाली येतं, कोलाड आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला मिळतं. सगळ्या कोकणातल्या नद्यांसारखीच ही आखूड आणि उतरती नदी. वाट तुम्हाला माहीत आहेच : आधी भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याच्या कडेने सपाट, मग ओढे, मग झाडी इतकी दाट होते की भर दुपारी फोटो काळे येतात, आणि शेवटी शेवाळलेल्या दगडधोंड्यांतून चढ. ऐन, किंजळ, उंबर, जांभूळ. नशिबात असेल तर शेकरू दिसतं, नसेल तर नुसता त्याचा आवाज. पहिल्या पावसात इथल्या ओढ्यांत वलगणीचे मासे प्रवाहाच्या उलट चढतात आणि गावची पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन निघतात. आपण साडेनऊला पोचून चारला परत निघतो, त्यामुळे यातलं फारसं काही आपल्या वाट्याला येत नाही. असो.

खाली कोलाडला हीच नदी वेगळी होते. तिथे वर्षभर, अगदी एप्रिलच्या उन्हातही, राफ्टिंग चालतं. कोकणातल्या बाकीच्या बहुतेक नद्या तोवर दगडांच्या रांगा होऊन पडलेल्या असतात, मग हिला पाणी कुठून? ते येतं घाटावरून, मुळशीहून. मुळा नदीवर धरण बांधून टाटांनी ते पाणी सह्याद्रीच्या पलीकडून अलीकडे वळवलं, सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रावर सोडलं, आणि 1927 पासून त्यावर मुंबईसाठी वीज तयार होते. ज्या जमिनी त्या धरणात बुडणार होत्या त्यांच्यासाठी 1921 पासून सेनापती बापटांनी आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. एरवी मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी आज भिऱ्याची चाकं फिरवून कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं.

याचा अर्थ असा की कोलाडच्या राफ्टखालचं पाणी हे मुंबईला वीज देऊन झालेलं पाणी आहे. केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी खालच्या रवाळजे गावापाशी अडवतात आणि तिथून सकाळी सोडतात. ते येतं तेव्हा बघण्यासारखं असतं. नदीपात्रात आधी कोरडे काळे दगड, मध्ये मध्ये डबकी, त्यात बेडकाची पिल्लं. पाऊस नाही, ढग नाही. मग समोरच्या दगडाच्या बुडाशी ओलीची एक रेघ दिसते. बघता बघता ती रेघ वीतभर वर सरकते, डबकी एकमेकांना जोडली जातात, आणि चहा संपेपर्यंत जिथे आपण बसलो होतो तो दगड पाण्यात गेलेला असतो. आवाज फार नसतो. जो माणूस पाठ करून फोटो काढत असेल त्याला कळणारही नाही.

तर मुद्दा हा. राफ्टिंगच्या त्या बारा किलोमीटरच्या पट्ट्यात तुमचेच पाहुणे, तीच चेंबूर-बोरिवलीची मंडळी, किती शहाण्यासारखी वागतात ते आठवून बघा. लाइफ जॅकेटचे पट्टे गाइड स्वतः ओढून बघतो, हेल्मेट ज्याच्या त्याच्या डोक्यावर असतं. ‘बोटीतून पडलात तर उभं राहायचं नाही, पाय वर, पाय प्रवाहाच्या दिशेला, पाठीवर तरंगायचं’ हे गाइड सांगतो आणि सगळे मान डोलावतात. उभं का राहायचं नाही, तर तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवतं आणि कमरेएवढ्या पाण्यातही तो बुडतो. गाइड म्हणाला आज खालचा टप्पा नाही, तर नाही. कोणी ‘पण आम्ही पैसे भरलेत’ म्हणत नाही. तो गाइड बहुतेक वेळा शेजारच्याच गावातला पोरगा असतो, बारावी झालेला किंवा न झालेला. तरी त्याच्या शब्दापुढे सीए आणि इंजिनियर गप्प असतात.

आणि याच नदीला थोडं वर गेलं, देवकुंडच्या वाटेला लागलं, की त्याच गावातल्या त्याच वयाच्या पोराला कोणी विचारत नाही.

एका जुलैतली गोष्ट सांगतो. ग्रुपचं नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. आम्ही ओढ्याच्या अलीकडे बसलो होतो. पाऊस थांबलेला, थोडं ऊनही पडलेलं. मागून एक मोठा ग्रुप आला, रंगीबेरंगी पोंचो, पुढे गावातला वाटाड्या, पन्नाशीचा, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेला. ओढ्यापाशी येऊन तो थांबला. पाणी गुडघ्याच्या थोडं वर, बघणाऱ्याला सहज पार करता येईल असं. त्याने बोलणं-बिलणं काही केलं नाही. वाकून एक मुठीएवढा दगड उचलला आणि पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या-कोरड्याच्या सीमेवर ठेवला. मग बिडी पेटवली.

ग्रुपच्या लीडरला घाई. विशीतला मुलगा, गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी. ‘मामा, चला ना, मागे अजून बॅच आहे.’ मामा म्हणाले, ‘थांब.’ बिडी अर्धी झाली असेल, दगडाचा खालचा भाग भिजला. पाण्यात पिवळट छटा आली आणि त्यावरून काटक्या, ओला पाला, एक अख्खी फांदी वाहत गेली. मामांनी घाटाकडे बघितलं. आपल्याकडे ऊन होतं, वर मात्र कडा ढगात पूर्ण बुडालेला. ‘घाटावर धरलाय. आज नाय जमायचा.’

पुढचा अर्धा तास जे चाललं ते मी बघत होतो. रिफंड मिळणार का, असं आधी एकाने विचारलं. लीडरने फोन लावायचा प्रयत्न केला, तिथे रेंज कुठली. मग ‘बाकीचे ग्रुप पलीकडे गेलेत, ते बघा’ असं कोणीतरी म्हणालं. खरंच गेले होते, तासाभरापूर्वी, पाणी घोट्याएवढं असताना. एक जण म्हणाला, रोप आहे ना, रोप लावू. लीडरने पिशवीतून दोर काढलाही. मामा बाजूला उभे, काही बोलत नव्हते. त्यांना एका फेरीचे ठरलेले पैसे मिळणार होते, आणि भांडण झालं तर पुढच्या रविवारी हा ग्रुप दुसऱ्या वाटाड्याला घेणार हे त्यांना माहीत होतं. तेवढ्यात पाण्याने ती चर्चा संपवली. दगड दिसेनासा झाला, आणि मधल्या ज्या खडकावर सगळे पाय ठेवून पलीकडे जातात तो खडकही. मग मात्र कोणी काही बोललं नाही. आधी पलीकडे गेलेले लोक संध्याकाळपर्यंत तिकडेच अडकून होते, पाणी उतरल्यावर गावकऱ्यांनी त्यांना हात धरून आणलं.

त्या लीडरचा मला राग आला नाही. त्याच्या जागी त्याला बसवणाऱ्यांचा आला. तो पोरगा कॉलेजात शिकणारा, ट्रिप फुकट मिळते म्हणून आलेला, त्याला तुम्ही गाडीभर माणसं आणि ‘पैसे परत नाहीत’ ही ओळ देऊन पाठवलंत. परत फिरायचा निर्णय घेतला तर सगळी बस त्याच्यावर चिडणार, तुम्ही रात्री फोन करून झापणार, आणि गूगलवर एक तारा पडणार. पुढे गेला तर बहुतेक वेळा काहीच होणार नाही. असा सौदा समोर ठेवल्यावर विशीतला मुलगा काय निवडेल?

म्हणून माझी मागणी अगदी धंद्याच्या भाषेत आहे. परत फिरण्याचा खर्च तिकिटात धरा. जाहिरातीत ठळक अक्षरात लिहा की पाणी वाढलं तर धबधब्यापर्यंत जाणार नाही, आणि तसं झालं तर अमुक एवढी रक्कम परत मिळेल किंवा कोरड्या दिवसांत पुढची ट्रिप अर्ध्या पैशांत. शंभर-दीडशे रुपये तिकीट वाढेल. वाढू दे. बसचं भाडं वाढलं की तुम्ही वाढवताच ना. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या वाटाड्याला त्या दिवशीचे पूर्ण पैसे द्या, वर शंभर जास्त द्या, सगळ्यांसमोर द्या. कोलाडला गाइडचं ऐकतात कारण तिथे बोट, जॅकेट आणि वेळ सगळं त्याच्या हातात आहे. देवकुंडच्या वाटेवर वाटाड्याच्या हातात काहीच नाही, ते तुम्हीच द्यावं लागेल. बस कळंबोली सोडायच्या आत, माइकवर, स्पष्ट सांगा : ओढ्यापाशी मामा म्हणतील ते शेवटचं, त्यावर आमचा लीडरही बोलणार नाही.

आता थोडं पाण्याबद्दल, कारण तुमच्या जाहिरातीतल्या ‘अनुभवी लीडर’ना हे कोणी शिकवलेलं दिसत नाही.

तुम्ही हवामान मुंबईचं बघता, फार तर रायगडचं. पण देवकुंडला पाणी येतं ते वरच्या घाटमाथ्यावरून, आणि तो पुणे जिल्ह्याच्या बाजूला. हवामान खातं इशारे देताना पुण्याचा घाट विभाग वेगळा दाखवतं. बघायचा तो रंग. पाटणूसला ऊन आणि घाटावर ऑरेंज अलर्ट असेल, तर तुमच्यासाठी ऑरेंजच. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढं पाणी काळ्या कातळावर पडतं, तो कातळ पावसाळ्यात आणखी पाणी पीत नाही, आणि उतार असा की लोंढ्याला खाली यायला फार वेळ लागत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर पावसाचा थेंबही पडलेला नसतो.

प्रवाहाचं गणित सोपं आहे : वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे ‘मघाशी गुडघाभर होतं, आता मांडीभर आहे, थोडंच वाढलंय’ या वाक्याला काही अर्थ नसतो. दोर असला म्हणजे झालं, हाही तसलाच समज. ओढ्यावर आडवा, दोन्ही काठांना काटकोनात ताणलेला दोर धरून माणसं चालवली की मधोमध दोराला झोळ पडतो आणि पाय सुटलेला माणूस तिथेच लोंबकळत राहतो, पाणी त्याला सोडत नाही. त्याहून भयंकर म्हणजे कमरेला दोर बांधून कोणाला तरी पुढे पाठवणं. तो घसरला की दोर त्याला एका जागी धरून ठेवतो आणि पाणी त्याच्या डोक्यावरून जातं. पाठीवरच्या सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा ओढा ओलांडण्याआधी मोकळा करायचा असतो, म्हणजे पडल्यावर ती झटकन टाकता येते. तुमच्यातले किती लीडर हे सांगतात? मी तरी सेल्फी स्टिक आत ठेवा एवढंच ऐकलंय.

आणि कुंड. ‘आमच्यात सगळे पोहणारे आहेत’ हे वाक्य मला फार भीतीदायक वाटतं. धबधब्याच्या बुडाशी जे पांढरं फेसाळ पाणी असतं त्यात निम्मी हवा असते, ते शरीराला नीट उचलून धरत नाही. अंधेरीच्या तरणतलावात वीस फेऱ्या मारणाराही त्यात खाली जातो, आणि पडणाऱ्या धारेने तयार झालेला भोवरा त्याला परत धारेखालीच ओढतो. वरून पाण्याबरोबर दगड येतात ते वेगळंच. कडा रोज थोडा थोडा झडत असतो. तिथे लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देणं म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला, आणि कुंडाच्या मध्यापर्यंत तर जॅकेट घालूनही नाही.

तुम्ही म्हणाल, अपघात आमच्या ग्रुपमध्ये कमी होतात, आपापल्या गाड्या घेऊन येणाऱ्यांचे जास्त. असेलही. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते काही कोणाच्या पॅकेजमध्ये आले नव्हते. तो व्हिडिओ तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिला. प्रवाहात मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभी माणसं, बाजूला काठावर शेकडो लोक, आणि पाणी वाढत चाललेलं. पण त्यानंतर काय होतं ते बघा. असं काही घडलं की जिल्हाधिकारी कार्यालयातून मनाई आदेश निघतो, पूर्वी कलम 144 खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली. धबधबे बंद. देवकुंडही बहुतेक पावसाळे असं बंद होतं. मग पाटणूसमधले वाटाडे, चुलीवर भाकऱ्या थापून जेवण देणाऱ्या बायका, पार्किंग सांभाळणारी पोरं, सगळ्यांचा हंगाम बुडतो. आणि तुम्ही काय करता? बस रद्द करत नाही. जाहिरातीत फक्त ठिकाण बदलता. ‘ऑफबीट’. ‘सिक्रेट वॉटरफॉल’. म्हणजे जिथे वाटाडे नाहीत, पाणी ओळखणारं कोणी नाही, फोन लागत नाही आणि ॲम्ब्युलन्स पोचायला दोन तास, तिथे तीच गाडीभर माणसं. त्याच वर्षी 16 जुलैला माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी मुंबईची एक तरुणी रील काढताना दरीत पडली, सुमारे तीनशे फूट खोल. तिला वर आणायला बचाव पथकाची माणसं दोराने खाली उतरली, भर पावसात, कड्यावरून दगड कोसळत असताना. ही कोलाड-माणगावकडची पोरं आपली कामं टाकून, स्वतःचं पेट्रोल घालून येतात. तुमच्यापैकी कोणी त्यांना वर्षाकाठी दोराचे पैसे तरी दिलेत का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

बंदीच्या आदेशाबद्दल माझं मत सरळ आहे : सरसकट, सगळ्या ठिकाणांना, अख्ख्या हंगामाला लागू होणारी बंदी आळशीपणाची आहे. 10 जूनचा देवकुंडचा ओढा आणि 25 जुलैचा ओढा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फरक अलिबागला बसून कळत नाही, ओढ्याच्या काठावर कळतो. हा निर्णय रोज सकाळी गावच्या समितीने घ्यावा, ओढ्यात रंगवलेला मोजमापाचा खांब असावा, तांबड्या रेघेला पाणी लागलं की वाट बंद, आणि रवाळज्याखालच्या गावांत पाणी सोडण्याआधी भोंगा वाजावा. हे प्रशासनाला मी वेगळं लिहिणार आहेच. पण प्रशासन त्यावर काय म्हणेल तेही मला दिसतंय : ‘आयोजक ऐकतात का?’ आणि आज या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही ते मला मिळवून द्या.

ऑगस्ट 2021 मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा, शिकलेली माणसं ठेवा, विमा काढा, बचावाची तयारी ठेवा, असं त्यात आहे. ज्यांनी नोंदणी केली ते ती जाहिरातीत लावतात, चांगली गोष्ट आहे. बाकीच्यांचं ठिकाण म्हणजे एक इन्स्टाग्राम पेज आणि एक फोन नंबर, जो सोमवारी लागत नाही. तुमच्यातल्या नोंदणीवाल्यांनाच माझं सांगणं आहे की पहिलं पाऊल तुम्ही उचला. या हजार रुपयांच्या ट्रिपांनी तुमचंही नुकसान होतंय. चाळीस-पन्नास माणसांमागे दोन लीडर घेऊन जाणाऱ्याशी तुम्ही किमतीत कसे टिकणार? पण ‘पाणी वाढलं तर परत फिरू आणि पैसे देऊ’ हे जाहिरातीत लिहिणारा पहिला ग्रुप मुंबईतल्या आईबापांच्या डोळ्यांत कसा भरेल, याचा विचार करा. विक्रोळीच्या आईला धबधब्याच्या ड्रोन शॉटशी देणंघेणं नसतं. तिला पोरगी रात्री अकराच्या आत घरी हवी असते.

संख्येबद्दल एकच वाक्य : ओढा ओलांडताना एका वाटाड्यामागे दहाच्या वर माणसं असतील तर तो मोजूही शकत नाही, सांभाळणं तर दूरच.

अजून एक, जेवणाबद्दल. पाटणूसला घरात जेवायला घालणाऱ्या बायकांशी तुम्ही ताटामागे वीस-वीस रुपयांची घासाघीस करता, हे मी बघितलंय. भरल्या बसचं जेवण सांगायचं, पहाटे चारला उठून तिने तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, भात करायचा, आणि ओढ्यामुळे ट्रिप वाटेतूनच पालीला वळवली तर तिला फोनसुद्धा करायचा नाही. रद्द झालेल्या जेवणाचेही पैसे त्या परत फिरण्याच्या खर्चात धरा. गावाला खात्री वाटली की नाही म्हटल्याने आपलं नुकसान होत नाही, तरच ते तुम्हाला वेळेवर ‘नाही’ म्हणतील.

येत्या हंगामाच्या जाहिराती एप्रिलअखेर तयार होतात, म्हणून हे आत्ताच लिहिलं. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पाटणूसला जाऊन तिथल्या वाटाड्यांबरोबर बसायचं आम्ही चौघांनी ठरवलंय : कोणत्या ओढ्यावर कोणता दगड पाण्यात गेला की परत फिरायचं हे त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, त्या दगडांवर रंगाची खूण करायची, आणि त्यांचे नाही म्हणण्याचे दर काय असावेत ते त्यांनाच विचारायचं. तुमच्यापैकी ज्यांना यायचंय त्यांनी यावं. ट्रेनने येणाऱ्यांनी दिवा-रोहा पॅसेंजरने कोलाडच्या अलीकडे रोह्याला उतरावं, पुढे गाडीची सोय मी बघतो. जेवण गावात, ताटामागे जे दर त्या बायका सांगतील ते. रद्द केलंत तर पैसे परत मिळतील.

आपला,
मुलुंडचा एक भटक्या